सुगम्यता मोजायची ती फाटकापासून

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेची समिती येणार असे ठरले की खानदेशातल्या अनेक महाविद्यालयांत दोन कामांना एकदम वेग येतो. एक रंगरंगोटी आणि दुसरे रॅम्प. नॅकच्या आतापर्यंतच्या स्वयंमूल्यमापन अहवालात सातव्या निकषाखाली दिव्यांगांसाठीच्या सोयींबद्दल पाच बाबी विचारल्या जात आल्या आहेत : रॅम्प किंवा लिफ्ट, वापरता येईल असे स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक व स्पर्शमार्ग, संकेतस्थळ आणि वाचन-सॉफ्टवेअर यांसारखे साहाय्यक तंत्रज्ञान, आणि लेखनिक, वाचक किंवा चौकशीसाठी माणसाची मदत. यांपैकी चार किंवा पाचही असतील तर पूर्ण गुण, तीन असतील तर त्याहून कमी, असा हिशेब असतो, आणि पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे जोडावी लागतात. यात कोणी खोटे बोलत नाही. रॅम्प खरोखरच बांधलेला असतो, त्याचे छायाचित्रही खरे असते. तो रॅम्प चढून माणूस कुठे पोहोचतो, हे मात्र अर्जात कोणी विचारलेले नसते, म्हणून कोणी सांगतही नाही.

माझे म्हणणे असे आहे की महाविद्यालयाच्या सुगम्यतेचे मूल्यमापन वस्तूंच्या यादीवरून होऊ शकत नाही. ते एका विद्यार्थ्याच्या संपूर्ण दिवसाच्या वाटेवरून करावे लागते, आणि त्या वाटेतला जो टप्पा सर्वांत वाईट असेल तोच त्या संस्थेचा गुण मानावा लागतो. पाचपैकी चार सोयी असल्या म्हणजे ऐंशी टक्के सुगम्यता, हे गणित दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत लागूच पडत नाही. फाटक, पोर्च, वर्ग आणि ग्रंथालय या चारही ठिकाणी ज्या मुलीला जाता येते, पण स्वच्छतागृहात जाता येत नाही, तिच्यासाठी ते महाविद्यालय ऐंशी टक्के खुले नसते. सकाळी अकरा ते दुपारी चार पाण्याचा घोट न घेता जेवढा वेळ बसवेल तेवढाच वेळ ते खुले असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती पुरेशी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच टक्के जागा राखीव ठेवायच्या आहेत, आणि कलम ४५ प्रमाणे असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच उलटली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या त्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा बंधनकारक मानके मागतो, तर नियम केवळ शिफारशींची जंत्री पुढे करत होता. किमान बाबी वेगळ्या काढून तीन महिन्यांत सक्तीच्या करा, असे न्यायालयाने केंद्राला सांगितले. ‘जमेल तसे करू’ या उत्तराला आता कायद्यात जागा उरलेली नाही. आपल्याकडे अडले आहे ते मोजण्यापाशी.

तर वाट मोजू या. आपल्याकडची बरीच महाविद्यालये गावाबाहेर, हमरस्त्याला किंवा तालुक्याच्या रस्त्याला लागून आहेत, आणि विद्यार्थी एसटीने येतात. एसटीची पायरी उंच असते, ती महाविद्यालयाच्या हातात नाही, हे मान्य. पण थांब्यापासून फाटकापर्यंतची साइडपट्टी, आणि मुख्य म्हणजे फाटक, हे महाविद्यालयाचेच आहे. मोकाट गुरे आत येऊ नयेत म्हणून फाटकाच्या तोंडाशी जमिनीत आडव्या लोखंडी नळ्या बसवण्याची पद्धत आहे. दोन नळ्यांमधल्या फटीत कुबडीचे टोक सहज जाते, पांढरी काठी अडकते, आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके तर तिथेच रुतून बसतात. शेजारी पायी जाणाऱ्यांसाठी जे छोटे दार असते, ते मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून मुद्दाम नागमोडी आणि अरुंद केलेले असते. म्हणजे गुरे आणि मोटारसायकली अडवण्यासाठी केलेल्या योजनेत पहिला अडतो तो प्रवेश घेतलेला विद्यार्थी, आणि सुगम्यतेच्या एकाही छायाचित्रात हे फाटक नसते, कारण रॅम्प अजून दोनशे पावले पुढे आहे.

आता त्या रॅम्पकडे. आपल्या भागातली जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. त्यामुळे इमारतीचे जोते उंच घेण्याची चाल आहे, आणि जुन्या दगडी इमारतींत ते तीन फुटांपर्यंत सहज असते. मान्य मानकाप्रमाणे रॅम्पचा चढ बारास एक असावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा लागते. नऊ मीटरांहून लांब सलग चढ ठेवायचा नसतो. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या बाजूला जी जागा उरलेली असते तेवढ्यात, म्हणजे दहा-बारा फुटांत, मिस्त्री तो बसवतो. अशा उतारावर व्हीलचेअरमधल्या माणसाला स्वतःच्या हातांनी वर जाता येत नाही, दोघांनी ढकलत न्यावे लागते, आणि उतरताना तर मागून घट्ट धरून ठेवावे लागते. त्यावर चकचकीत फरशी बसवलेली असेल, आणि ती समितीच्या भेटीसाठी बसवलेली असते म्हणून चकचकीतच असते, तर पहिल्या पावसात धडधाकट प्राध्यापकही त्यावरून जायला कचरतात. बांधकामाचे गणित कळणारा एक जरी माणूस बैठकीत असता, तरी हा रॅम्प समोर न काढता इमारतीला वळसा घालून काढला गेला असता. तसे सुचवले की उत्तर मिळते, ‘मग तो दर्शनी दिसणार नाही.’

कठडा हा आणखी एक प्रकार. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर, धरायला गोल नळी हवी. ती स्टेनलेस स्टीलची बसवतात, टिकते, छान दिसते. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि आपल्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्येच असतात. दुपारच्या पेपरला आलेल्या मुलाने उघड्यावरच्या त्या नळीला हात लावून पाहावा. दिल्लीत बसून लिहिलेल्या मानकांत आपल्या उन्हाचा हिशेब असेलच असे नाही, तो आपणच करायचा असतो. वर पत्र्याची का होईना सावली असावी, किंवा नळीला प्लास्टिकचे वेष्टण असावे, एवढ्यावर भागते. याला कोणी विशेष निधी मागणार नाही, पण हे सुचण्यासाठी मूल्यमापन करणाऱ्याने डिसेंबरात नव्हे, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता तिथे उभे राहिले पाहिजे.

आत शिरल्यावर तळमजल्यावर काय असते? प्राचार्यांचे दालन, कार्यालय, संस्थाध्यक्षांची खोली आणि बहुधा सभागृह. वर्ग पहिल्या मजल्यावर, ग्रंथालय त्याच्या वर, प्रयोगशाळा मागच्या इमारतीत. लिफ्ट असेल तर तिला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे असते. शिपाई बँकेत गेला असेल तर तास बुडतो. वीज गेली की लिफ्ट कुठे थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून ‘ती शक्यतो वापरू नका’ असेही सांगितले जाते. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाची गोष्ट याहून सविस्तर सांगितली पाहिजे, कारण वस्तू असणे आणि वाट असणे यांतले अंतर तिथे सर्वांत उघडे पडते. मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात दारावर व्हीलचेअरचे निळे चिन्ह होते, आत पकडायच्या नळ्या होत्या, कमोडही होता. दार मात्र अडीच फुटांचे आणि आत उघडणारे. व्हीलचेअरला तीन फूट मोकळे दार आणि आत वळायला पाच फूट व्यासाची जागा लागते. ती असती तरी उपयोग नव्हता, कारण आत झाडू, फिनेलचे कॅन आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. विचारल्यावर कार्यालयाने अगदी प्रामाणिकपणे सांगितले की कोणी वापरत नाही म्हणून तिथे सामान ठेवतो. आणि कोणी का वापरत नाही, तर तिथे सामान आहे.

हेच उत्तर मोठ्या आकारात सगळीकडे मिळते : आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत, मग खर्च कोणासाठी करायचा? या प्रश्नाला मी गैर म्हणत नाही, अनुदान थकलेल्या संस्थेच्या सचिवाला तो पडणारच. पण त्यातला क्रम उलटा आहे. ज्या मुलाला जिना चढता येत नाही तो जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच जिना पाहून परत जातो, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरतो किंवा शिक्षणच सोडतो. त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, आणि ही मोजणी जुन्या, कमी प्रकारांच्या व्याख्येनुसार होती. तीन-चार हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयाच्या पटावर दिव्यांग विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर ते तालुक्यात नाहीत म्हणून नव्हे. ते दारातून परत गेले आहेत म्हणून. म्हणून मूल्यमापनात ‘किती दिव्यांग विद्यार्थी शिकतात’ याच्या शेजारी ‘तालुक्यातून बारावी झालेले किती दिव्यांग विद्यार्थी आपल्याकडे आले नाहीत’ हा रकाना असला पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयांकडून ही यादी मिळवणे अवघड नाही. बहुतेक ठिकाणी ते त्याच आवारात, त्याच संस्थेचे असते.

याला दुसरे उत्तर मिळते ते माणुसकीचे. आमची मुले फार चांगली आहेत, मित्राला उचलून वर नेतात. नेतात, हे खरे आहे, आणि वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्रही येते. मित्रांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण तीन वर्षे रोज चार वेळा कोणीतरी उचलून नेण्याची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एखादा तास चुकवायचा असला तरी तो चुकवता येत नाही, आणि एखाद्या मित्राशी भांडायचे असले तरी भांडता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा मार्गच बंद असतो. यापेक्षा त्या वर्गाची तासिका तळमजल्यावर आणणे सोपे, आणि वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकाने मनावर घेतले तर ते एका संध्याकाळचे काम आहे. अर्थात त्यासाठी तळमजल्यावरचे एखादे दालन वर हलवावे लागेल, आणि खरी अडचण तिथे येते. शिवाय तासिका खाली आणली तरी ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वरच राहतात, म्हणून ही तातडीची सोय आहे, मूळ उपाय नव्हे, हेही नोंदवले पाहिजे.

मूळ उपायाला जगात सर्वसमावेशक रचना म्हणतात. ही कल्पना मांडणारे रोनाल्ड मेस हे अमेरिकन वास्तुरचनाकार लहानपणी पोलिओ झाल्यामुळे स्वतः व्हीलचेअर वापरत. १९९७ साली उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सात तत्त्वे नोंदवली. त्यांचा मथितार्थ असा की सर्वांसाठी एक आणि दिव्यांगांसाठी बाजूला दुसरे असे न करता, पहिल्यापासूनच असे बांधावे की जास्तीत जास्त लोकांना ते वापरता येईल, कमी श्रमात, चूक झाली तरी इजा न होता, आणि कोणाला वेगळे न काढता. बारास एकचा उतार हा फक्त व्हीलचेअरसाठी नसतो. पाण्याचे जार आणणारा, निकालाला आलेली आजी, बाळंतपणानंतर परत रुजू झालेल्या मॅडम आणि पाय मुरगळलेला कबड्डीपटू हे सगळे त्यावरूनच जातात. हे सर्वांना पटते, म्हणून त्यावर फार थांबत नाही. खानदेशात या कल्पनेला जे वेगळे वळण मिळते, त्यावर मात्र थांबले पाहिजे.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि त्यात थॅलॅसेमिया व हिमोफिलिया यांच्या जोडीला सिकलसेल आजारही घेतला. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ही मुले शहाद्याला, तळोद्याला, नंदुरबारला शिकायला येतात. त्यांच्याकडे पाहून काहीच दिसत नाही. कुबडी नाही, काठी नाही. पण रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, कडक थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा मुलासाठी रॅम्पचा उपयोग थोडाच. त्याला हवे असते ते प्रत्येक मजल्यावर पिण्याचे पाणी, तास चालू असताना बाटली काढायची मुभा, क्रीडादिनी पळण्याची सक्ती नको, आणि झटका येऊन आठवडाभर रुग्णालयात राहिला तर पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमात समजून घेणारा कोणीतरी. नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने पाचही बाबींवर खूण करून पूर्ण गुण मिळवले, पण पिण्याच्या पाण्याची टाकी तळमजल्याच्या मागे सायकल स्टँडपाशी एकच असली, तर त्या जिल्ह्यातल्या एका ठळक दिव्यांगत्वासाठी त्या महाविद्यालयाने काहीच केलेले नाही, असे मी म्हणेन. वस्तूंची यादी दिल्ली-बंगळुरूला ठरते, वाट मात्र गावोगाव वेगळी असते.

दिवसाच्या वाटेचा दुसरा अर्धा भाग कागदावरचा आहे, आणि तिथे आपण इमारतीपेक्षाही मागे आहोत. अंध विद्यार्थी आज मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या वाचन-सॉफ्टवेअरने अभ्यास करतो. त्यातले एनव्हीडीए तर विनामूल्य आहे. पण मराठी माध्यमाच्या नोट्स अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना त्या स्वच्छ मराठी दिसतात. सॉफ्टवेअरला त्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ वाटतात, आणि ते तो गोंधळ इमानाने मोठ्याने वाचून दाखवते. याहून सर्रास प्रकार म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा मोबाइलने काढलेला फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे. परीक्षा अर्जाची शेवटची तारीखही अशाच वाकड्या फोटोत येते. ज्या महाविद्यालयाच्या अहवालात ‘वाचन-सॉफ्टवेअर उपलब्ध’ अशी नोंद आहे, त्या महाविद्यालयाची कोणतीही एक सूचना त्या सॉफ्टवेअरला वाचायला द्यावी, एवढी चाचणी पुरे आहे. युनिकोडात टाइप करायला एक पैसा लागत नाही. लागते ती प्राध्यापकांची आणि लिपिकांची सवय बदलायची तयारी.

लेखनिकाच्या बाबतीत नियम आहेत, तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळेची तरतूदही आहे, तरी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत विद्यार्थी लेखनिक शोधत फिरत असतो आणि पेपर सुरू झाल्यावर पर्यवेक्षक त्या दोघांकडे कॉपी चालल्यासारखे पाहत असतो. उत्तर दुसऱ्याच्या हाताने लिहिले म्हणजे ते कमी प्रतीचे, ही समजूत निदान आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात तरी टिकू नये. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्यांचे नाव दिले, त्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्या सांगत गेल्या आणि घरातल्यांनी लिहून घेतले म्हणून ते काव्य आपल्यापर्यंत आले. कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण सांकेतिक भाषेचे दुभाषे तालुक्याच्या गावी मिळणे दुरापास्त आहे. पण प्राध्यापकाने फळ्याकडे तोंड करून न बोलणे आणि तासाआधी मुद्दे लिहून देणे याला दुभाष्या लागत नाही.

मग हे मूल्यमापन करायचे कोणी? अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने करू नये, कारण त्याचे काम गुण मिळवणे हे आहे. बाहेरून आलेल्या सल्लागाराने एकट्यानेही करू नये. तो फूटपट्टी बरोबर लावतो, पण किल्ली कोणाकडे असते हे त्याला कळत नाही. माझ्या मते चार-पाच जणांचा गट असावा : व्हीलचेअर किंवा कुबडी वापरणारा एक, अंध एक, शक्य तिथे कर्णबधिर एक, मोजमापाला स्थापत्य अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी, आणि वेळापत्रक व किल्ल्या ज्यांच्या हातात आहेत असा कार्यालयातला एक. दिव्यांग सदस्य महाविद्यालयातले नसतील तर तालुक्यातले माजी विद्यार्थी बोलवावेत, आणि त्यांना प्रवासखर्च व मानधन द्यावे. बाहेरच्या व्याख्यात्याला आपण ते देतोच. गटाने एसटीच्या थांब्यापासून सुरुवात करून प्रवेश अर्ज, तास, पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय, उपाहारगृह, वसतिगृह आणि परीक्षा या क्रमाने सगळा दिवस काढावा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात. जिथे अडले तिथे लिहावे, आणि ती अडचण विनाखर्च सुटणारी आहे, किरकोळ दुरुस्तीची आहे की बांधकामाची, हे पुढे नोंदवावे. माझा अंदाज असा आहे की अडचणींतला मोठा भाग पहिल्या दोन प्रकारांत बसेल. बांधकामाला पैसा नाही, ही तक्रार त्यानंतर ऐकून घेता येईल.

हा अहवाल कपाटात जाऊ नये यासाठी त्याला कुठेतरी बांधले पाहिजे, आणि नॅकपेक्षा त्याला जवळची जागा विद्यापीठाचे संलग्नीकरण ही आहे. संलग्नीकरणासाठी विद्यापीठाची समिती महाविद्यालयात येतेच, खोल्या, पुस्तके आणि प्राध्यापकांच्या मान्यता तपासतेच. त्या फाइलमध्ये वाटेचा हा अहवाल, मागच्या वर्षी नोंदवलेल्या अडचणींपैकी कोणत्या सुटल्या या तक्त्यासह, मागावा. तो युनिकोडात संकेतस्थळावर प्रवेश सुरू होण्याआधी टाकलेला असावा, म्हणजे शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या विद्यार्थ्याला आपण कुठे अर्ज करावा हे घरी बसून ठरवता येईल. आणि त्या समितीत एक सदस्य दिव्यांग असावा. अशा सदस्याला बरोबर घेऊन समिती आली, तर फाटकापासून प्राचार्यांच्या दालनापर्यंत पोहोचेतोच तिच्या अहवालाचा निम्मा मजकूर तयार झालेला असेल. उरलेल्यासाठी तिने स्वच्छतागृहाची किल्ली मागावी आणि ती यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून घ्यावे.